काही सुचेनासं होतं तेव्हा: श्वास की ५-४-३-२-१?

कोरा_कागद
एकदम दहा गोष्टी अंगावर आल्या की धडधड सुरू होते, काही सुचत नाही. ‘खोल श्वास घ्या’ हे सगळेच सांगतात, पण चार-पाच मोठे श्वास घेतले की उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. ५-४-३-२-१ (आजूबाजूला काय दिसतं, ऐकू येतं ते पाचही इंद्रियांनी मोजत मन वळवणं) केलं तर तिसऱ्या पायरीला मन परत तिथेच. नक्की कुठे चुकतंय? मीटिंगमध्ये, कुणाला न कळता करता येईल असं काही आहे का?

संथ_लय
श्वास खोल नको, संथ हवा. घाबरल्यावर श्वास आधीच जलद चालू असतो. त्यात मोठमोठे श्वास भरले की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. मुंग्याही त्यामुळेच. मग हवा पुरत नाही असं वाटून माणूस आणखी जोरात ओढतो, आणि चक्र चालू राहतं.

तोंड मिटून नाकाने ४ मोजेपर्यंत नेहमीएवढाच श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. मध्ये रोखू नका. एक आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. असं ३ ते ५ मिनिटं. जड जात असेल तर ३ आत, ४ बाहेर. श्वास सोडताना ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. खांदे वर जात असतील तर हात बेंबीच्या जरा वर ठेवा. हलायला हवा तो हात, खांदे नव्हेत.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की भीती वाढते. त्यांनी हा नाद सोडून सरळ पायांकडे वळावं.

पाय_जमिनीवर
वरच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मीटिंगसाठी तर पायच बरे: टाचा ५ सेकंद जमिनीत रोवायच्या, मग १०-१५ सेकंद पूर्ण सैल. पाच-सहा वेळा. सैल सोडतानाचा फरक जाणवून घेणं हाच खरा भाग, लोक नेमका तोच घाईत उरकतात. पोटरीत गोळा येत असेल तर जोर निम्मा करा.

५-४-३-२-१ (५ दिसणाऱ्या गोष्टी, ४ स्पर्श, ३ आवाज, २ वास, १ चव) फसतं ते यादी केल्यामुळे. ‘भिंत, खुर्ची, दिवा’ हे मन न गुंतवताही म्हणता येतं. प्रत्येक वस्तूचा एक तपशील शोधा: कड झिजलीय का, सावली कुठे पडलीय. मन भटकलं तर पाचापासून पुन्हा नको, सुटलं तिथूनच पुढे. वास-चव सापडत नसेल तर सोडून द्या, परीक्षा थोडीच आहे!

फार वाढलं तर कपाळ, डोळ्यांभोवती आणि गालांवर गार पाण्याचा रुमाल २०-३० सेकंद. ठोके खाली येतात. म्हणूनच हृदयाचा त्रास किंवा मुळात नाडी मंद असलेल्यांनी हे टाळावं.

कोरा_कागद
धन्यवाद. पण दोन मिनिटांनी ‘गेलं का?’ बघितलं की अजून तिथेच असतं.

संथ_लय
ते बघणं बंद करा. दर वेळी तपासलं की धोका अजून आहे असाच निरोप शरीराला जातो. ध्येय शून्यावर येणं नाही. समोरचं एक काम हातात घेता येईल इतपत उतरणं. तिथवर आलात की डोक्यातल्या सगळ्या गोष्टी कागदावर उतरवा, आजच करायला लागेल अशा एकाच गोष्टीवर खूण करा.

सराव मात्र शांत असताना, रोज ५ मिनिटं. ऐन गडबडीत नवीन पद्धत आठवत नाही.

पाय_जमिनीवर
एक राहिलं. सुन्न, आजूबाजूपासून तुटल्यासारखं वाटत असेल तर डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. आणि छातीतली कळ हात-जबड्याकडे जात असेल, घाम, दम किंवा शुद्ध हरपणं असेल, तर यातलं काहीही करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. तसं काही नसून आठवड्यामागून आठवडे झोप, काम बिघडत असेल तर समुपदेशकाकडे जा.