‘अनलिंक’ला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूर : जिनिंगच्या ऑफिसात लिनक्स सर्व्हरवर कापूस खरेदीच्या फायली आहेत. कोणती फाईल कोणी डिलीट केली, याची नोंद थेट कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) घ्यायची आहे. पोरांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. फाईल डिलीट करणाऱ्या कर्नलमधल्या ‘अनलिंक’ या क्रियेला काय लिहू? पुसणे, खोडणे की मिटवणे?

मेहकर : भाऊ, तिन्ही नको. पुसलं म्हणजे मजकूर गेला. अनलिंक मजकुराला हातच लावत नाही, डिरेक्टरीतलं नाव तेवढं काढतं. त्याच आयनोडला (डिस्कवरच्या फाईलच्या मूळ नोंदीला) दुसरी हार्ड लिंक, म्हणजे दुसरं नाव, असेल, किंवा एखाद्या प्रोग्रामनं फाईल उघडून ठेवली असेल, तर डेटा जागच्या जागी राहतो. सातबाऱ्यावर मयताचं ‘नाव कमी करणे’ म्हणतात, तेच लिहा. जमीन हलत नाही आणि फेरफारात नोंद राहते.

दर्यापूर : पटलं जी. मग ऑडिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, अनलिंकवर नियम लावला की झालं?

आर्वी : नाही होत. फाईल काढायची आताची आरएम कमांड अनलिंकॲट ही दुसरी क्रिया वापरते, म्हणून ऑडिटच्या नियमात दोन्ही घ्या. नाव बदलणाऱ्या रीनेम, रीनेमॲट आणि रीनेमॲट२ सुद्धा. जुन्या नावावर दुसरी फाईल आणून ठेवली, तर अनलिंक न होताच जुनी जाते. कचरापेटीत टाकणं हेही बहुतेक वेळा रीनेमच असतं. त्याला ‘नाव बदलणे’ असं वेगळं लिहा.

मेहकर : आणि ‘कोणी’ हे आयनोटिफाय (फायलींतले बदल कळवणारी लिनक्सची सोय) सांगत नाही, ते फक्त फाईल गेली एवढं कळवतं. ऑडिटच्या नोंदीत यूआयडी (काम ज्याच्या नावानं चाललं त्याचा क्रमांक) आणि एयूआयडी (लॉगिन केलेल्याचा क्रमांक) वेगवेगळे असतात. सूडो केलं, म्हणजे मुख्य खात्याच्या अधिकारानं कमांड दिली, की यूआयडी शून्य दिसतो, एयूआयडी मात्र लॉगिन केलेल्याचाच राहतो. त्याला ‘मूळ खातेदार’ म्हणा. पण सगळे एकाच लॉगिनवर बसत असतील तर त्या नोंदीला काही अर्थ नाही. आधी प्रत्येकाचं खातं वेगळं करा.

आर्वी : एक विनंती, ट्रॅकिंगला ‘पाळत’ लिहू नका. पाळत माणसावर ठेवतात. इथं फायलीची नोंद होते आहे आणि ती होते हे पोरांना आधी सांगितलंच पाहिजे.

दर्यापूर : ‘नोंद’च लिहितो. मग ‘पुसणे’ कुठंच नको?

मेहकर : आहे की. फाईल रिकामी करणाऱ्या ट्रंकेटला. फाईलचं नाव तसंच राहतं, आतला मजकूर शून्य बाइट होतो. वरच्या नियमांत ते सापडत नाही, त्यासाठी ट्रंकेट आणि एफट्रंकेट वेगळे जोडा. शेलमधून (कमांड टाइप करतो तिथून) रिकामी केलेली फाईल तर ओपनच्या, म्हणजे फाईल उघडण्याच्या, नोंदीतच दिसेल.