मदत हवी आहे : क्लायंटसमोर उभा राहिलो की ततपप होतं

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आहे, ग्रे आणि एसजी आयर्नची (हे बिडाचे दोन प्रकार). येत्या गुरुवारी चाकणच्या एका कंपनीत प्रेझेंटेशन आहे. समोर परचेस, क्वालिटी आणि डिझाइनची माणसं. वेळ 20 मिनिटं, माझ्या स्लाइड 34! आतापर्यंत बाबा जायचे, कागदाशिवाय तासभर बोलायचे. आता माझ्यावर सोपवलंय.

मागे दुसऱ्या एका क्लायंटकडे पार फजिती झाली. स्लाइडकडे तोंड करून लिहिलेलं वाचत सुटलो होतो. क्वालिटीच्या साहेबांनी मध्येच विचारलं, "ब्लोहोलमुळं रिजेक्शन किती? वाळूतला ओलावा किती वेळा तपासता?" (ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या भागात वायूमुळं राहिलेली पोकळी, आणि वाळू म्हणजे साच्याची.) झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, त्या रजिस्टरवर रोज मीच सही करतो. पण तोंडातून शब्द फुटेना. हात थरथरतोय हे भिंतीवर नाचणाऱ्या लाल ठिपक्यावरून सगळ्यांना दिसत होतं. (लेझर पॉइंटर यावेळी घरीच ठेवणार.)

आरशासमोर मात्र सगळं सुरळीत. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर पाच मिनिटांत 19 वेळा 'म्हणजे'.

तर स्लाइड किती ठेवू? कंपनीचा इतिहास, मशीनचे फोटो उडवून सरळ एक कापलेलं कास्टिंग (आमचा ओतीव भाग) टेबलावर ठेवलं तर? मध्येच प्रश्न आला तर लगेच उत्तर द्यावं की शेवटी? आणि इंग्रजीत अडलो तर मराठीत बोललेलं चालतं का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, यूट्यूबवरचे सल्ले बघून झालेत.