मदत हवी आहे: जुन्या प्रोजेक्टमधली नावं एकसारखी कशी करायची?

नमस्कार मंडळी, आमचा प्रोजेक्ट पायथन, रिअ‍ॅक्ट आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर आहे. माणसं बदलत गेली तशी नावं पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने दिली, म्हणजे पायथनमधली काही फंक्शन्स पेप ८ (पायथनचे लिहिण्याच्या शैलीचे नियम) प्रमाणे स्नेक केसमध्ये (format_date) तर काही कॅमल केसमध्ये (formatDate), आणि वर युटिल्स, हेल्पर्स, कॉमन असे तीन फोल्डर, कशात काय टाकायचं ते कोणालाच सांगता येत नाही. तारीख फॉरमॅट करायचं फंक्शन तिन्हीकडे आहे, तेही वेगवेगळ्या नावाने! नवीन माणसाला ते सापडत नाही, मग तो चौथं लिहितो. कोड मुळात चांगला आहे म्हणून जास्त वाईट वाटतं.

आत्ता अडलंय ते असं. रिअ‍ॅक्टच्या कंपोनंटच्या फाईल्स पास्कल केसमध्ये (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) करायच्या ठरल्या म्हणून एका फाईलचं पहिलं अक्षर स्मॉलचं कॅपिटल केलं, इम्पोर्टही बदलले. माझ्या विंडोजवर सगळं चालतंय पण लिनक्स सर्व्हरवर बिल्ड फुटतो, फाईलच सापडत नाही म्हणतो, आणि गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) स्टेटसमध्ये ते रिनेम दिसतच नाही. शिवाय जेसनच्या (पायथन आणि रिअ‍ॅक्टमध्ये डेटा ज्या रूपात जातो-येतो त्यातल्या) कीज, म्हणजे नावं, स्नेक की कॅमल यावरून पायथनवाले आणि रिअ‍ॅक्टवाले अडून बसलेत. सगळं एकदम रिनेम केलं तर गिट ब्लेमचं (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडचं) काय होणार तेही कळेना. कोणी केलंय का असं?

प्रतिसाद:
विंडोज आणि मॅकची फाईल सिस्टीम डिफॉल्टला स्मॉल-कॅपिटलचा फरक धरत नाही, लिनक्स धरतं, म्हणून हे होतंय. गिट एमव्ही कमांडने रिनेम करा, तरी अडलं तर आधी भलतंच नाव द्या आणि मग हवं ते.

कीज कुठल्याही केसमध्ये चालतील पण सगळीकडे एकच हवी. पायडँटिक (पायथनची डेटा तपासणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्यातला एलियस जनरेटर लावा, तो नावं आपोआप बदलतो, पायथनच्या आत स्नेक आणि बाहेर जेसनमध्ये कॅमल, भांडणच नाही. डेटाबेसचे कॉलम मात्र स्नेकमध्येच ठेवा, कारण डबल कोट्स नसतील तर पोस्टग्रेस नाव लोअरकेस करून टाकतं, आणि कॅमल ठेवलं की प्रत्येक क्वेरीत कोट्स टाकत बसा.

ब्लेमची काळजी नको. रिनेमचा कमिट वेगळा ठेवा, लॉजिकचा एकही बदल त्यात नको, आणि त्याचा हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) इग्नोर रेव्ह्ज फाईलमध्ये, म्हणजे ब्लेमने वगळायच्या कमिट्सच्या यादीत, टाका, गिट २.२३ पासून ही सोय आहे. फोल्डरना मात्र कामावरून नाव द्या, तारखांचा, पेमेंटचा असं, तिन्ही फंक्शन्स एका जागी आली की कुठलं ठेवायचं ते लगेच दिसेल.