मदत हवी आहे: लाडक्या कार्टूनवरचा नवा गेम घेतला आणि मुलांचा पार हिरमोड झाला

नमस्कार मंडळी,

मुलगा सात वर्षांचा, मुलगी चारची. दोघंही एका कार्टूनवर इतके जीव टाकतात की घरातली भांडणंसुद्धा त्यातल्या पात्रांची वाक्यं म्हणूनच मिटतात. त्यावर गेम येतोय हे कळल्यापासून मुलगा कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होता. आला त्याच दिवशी मी कन्सोलच्या स्टोअरवरून डाउनलोड केला. कुणाचं मत वाचायलाही थांबले नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला विचारायचंय ते या एकाच गेमपुरतं नाही.

पहिली पाच मिनिटं दोघं टाळ्या पिटत होते. घर हुबेहूब तेच, सोफ्याचा रंग तोच, सुरुवातीचं संगीतही तेच. मग पात्रं बोलायची वेळ आली, आणि ती बोललीच नाहीत. तोंडं हलतात, खाली अक्षरं उमटतात, आवाज म्हणून नुसते हुंकार. चार वर्षांच्या मुलीला वाचता कुठलं येतंय? प्रत्येक वाक्य मी वाचून दाखवत बसले.

त्याहून वाईट म्हणजे दोघांनी मिळून खेळायची सोय. खरं तर त्यासाठीच घेतला होता. कॅमेरा एकच आहे आणि तो पहिल्या खेळाडूमागेच धावतो. मुलगी जरा मागे राहिली की तिचं पात्र स्क्रीनच्या कडेला घासत जातं, मग नाहीसं होऊन एकदम भावाच्या शेजारी उभं राहतं. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेली.

मुलानं मात्र नेटानं शेवट गाठला. गोष्ट दोन तासांच्या आत संपली! आता उरलंय ते खोल्याखोल्यांतून स्टिकर शोधणं. एक स्टिकर स्वयंपाकघरातल्या टेबलामागे आहे. तिथं गेलं की कॅमेरा भिंतीत शिरतो आणि सगळी स्क्रीन करडी होते. रात्री अंथरुणात त्यानं विचारलं, "आई, ज्यांनी हा गेम केला त्यांनी कार्टून बघितलंच नव्हतं का?" मला उत्तर सुचलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

एकूण तीनेक तास खेळून झालाय. पैसे परत मागता येतील का? की अपडेट येईपर्यंत थांबू? वयाच्या शिक्क्यावर ३ लिहिलंय, मग चार वर्षांच्या मुलीला तो जड का जावा? आणि मुख्य म्हणजे, धाकटीला मागे न टाकणारा एखादा गेम सुचवा. तिनं तेव्हापासून कंट्रोलर हातात घेतलेला नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी पैशांचं. प्रत्येक स्टोअरचा नियम वेगळा आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ २ तासांपेक्षा कमी झालेला असेल तर परतावा मिळतो. प्लेस्टेशनवर मुदत १४ दिवसांचीच, पण डाउनलोड सुरू केला की हक्क जातो. गेम सदोष असेल तर अपवाद करतात. एक्सबॉक्सवालेही १४ दिवस आणि किती खेळलात ते बघतात. निन्टेंडोच्या ईशॉपवर डिजिटल विक्री साधारणपणे अंतिम धरतात. म्हणून अर्जात "आवडला नाही" असं लिहू नका. कॅमेरा कुठं अडकतो, काय केल्यावर अडकतो ते लिहा आणि त्या करड्या स्क्रीनची क्लिप जोडा. तो दोष आहे, आवडीनिवडीचा भाग नाही.

अपडेटनं कॅमेरा सुधारू शकतो. दोन तासांची गोष्ट सहा तासांची होईल ही आशा मात्र सोडा.

आणि तो ३ चा शिक्का पेगीचा (गेमना वयोगट ठरवून देणाऱ्या युरोपातल्या पद्धतीचा) असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की आत हिंसा, शिवीगाळ असलं काही नाही. खेळायला सोपं की अवघड, हे पेगी मोजतच नाही. मीही पहिल्यांदा तिथंच फसलो होतो.

प्रतिसाद २

तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. असे गेम बऱ्याचदा घाईत होतात. मालिका किंवा सिनेमा गाजत असतो, हक्क घेतलेले असतात, सणासुदीची तारीख आधीच ठरलेली असते. कामाला मिळतो तो उरलेला वेळ. १९८२ चा अटारी या जुन्या कन्सोलवरचा, त्याच नावाच्या सिनेमावर बेतलेला 'ई.टी.' जेमतेम पाच आठवड्यांत बनवला गेला. न खपलेल्या कार्ट्रिज पुढच्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या, आणि २०१४ मध्ये त्या खरंच उकरून काढल्या.

पण हक्क विकत घेऊन केलेला गेम वाईटच होतो असं नाही. कॅपकॉम कंपनीचा 'डकटेल्स' १९८९ चा, त्याच नावाच्या कार्टून मालिकेवरचा. त्यात मालिकेतला म्हातारा स्क्रूज आपल्या काठीवर उभा राहून टुणटुण उड्या मारत खजिना गोळा करतो. त्याच्या हातातली काठी घेतली आणि तिच्यावर सगळा खेळ उभा केला. कार्टून मन लावून बघितलेल्या माणसालाच हे सुचतं. पुढच्या वेळी घेण्याआधी ट्रेलर बघू नका, कुणीतरी न कापता टाकलेला अर्ध्या तासाचा खेळ बघा. पात्र तिथं जे करतं ते त्यालाच शोभणारं आहे, की कुठल्याही पात्राकडून करून घेता आलं असतं, हे दहा मिनिटांत कळतं.

धाकटीसाठी: निन्टेंडो स्विच असेल तर 'सुपर मारिओ ओडिसी'. थोरला मारिओ, धाकटी त्याची टोपी. टोपी पडत नाही, मरत नाही, मागे राहिली तर आपोआप त्याच्याकडे परत येते. असिस्ट मोड चालू ठेवा, म्हणजे कुठं जायचं ते बाण दाखवतात. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग असे दोन पर्याय आहेत. दोन्ही चालू केले की गाडी रस्त्याबाहेर जात नाही, आणि स्क्रीनचा अर्धा भाग तिचा एकटीचा असतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आमच्याकडे स्विचच आहे, त्यामुळे परताव्याची फारशी आशा दिसत नाही; तरी क्लिप जोडून अर्ज पाठवलाय. डकटेल्सच्या काठीची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो लगेच वही घेऊन बसला आणि आपल्या कार्टूनमधला कोण कशावरून उड्या मारेल याची चित्रं काढतोय. धाकटीला टोपीचं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी हरवणार नाही ना?" नाही म्हटल्यावर कंट्रोलर कुठं ठेवलाय ते शोधायला गेली.

असिस्ट मोड पहिल्यांदा सुरू करतानाच निवडायचा असतो का, की नंतरही बदलता येतो?

प्रतिसाद २

नंतरही मेनूतून बदलता येतो. निर्धास्त सुरू करा.