जास्वंदीवर पांढरा कापूस, अरेकाची पाने राखाडी: उपाय सुचवावा

प्रश्न

नमस्कार. आम्ही नागपुरात प्रतापनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेच्या गॅलरीत जास्वंद आणि मनीप्लांटच्या कुंड्या आहेत. अरेका पाम मात्र उन्हाचा तडाखा वाढल्यापासून बैठकीत आणून ठेवला आहे. महिनाभरापासून जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि पानांच्या बगलेत कापसासारखा पांढरा थर बसतो आहे, कळ्या पिवळ्या पडून गळतात, आणि तिच्या खालच्या मनीप्लांटची पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरली आहे. अरेकाच्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके पडून ती राखाडी दिसू लागली आहेत. दुकानातून आणलेले एक कीटकनाशक दोन्ही झाडांवर दोनदा फवारले. जास्वंद थोडी सावरली, पण अरेका उलट अधिकच बिघडला. ही जास्वंद सासूबाईंच्या हातची आहे आणि देवाला रोज तिचेच फूल वाहिले जाते, तेव्हा ती उपटून टाकण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या घरात दोन निरनिराळ्या किडी आहेत आणि एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत. जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड आहे. अरेकावर बहुधा लाल कोळी असावा, आणि कोळी हा कीटकच नव्हे; त्याला आठ पाय असतात. खात्री करून घ्यायची तर अरेकाच्या पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले धुळीसारखे कण काही क्षणांत चालू लागले आणि बोटाने दाबल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो कोळीच समजा. अनेक कीटकनाशके कोळ्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे मित्रकीटक मात्र मारतात, त्यामुळे फवारणीनंतर कोळी अधिकच फोफावतो. तुमच्या अरेकाचे हेच झाले असावे.

कोरड्या, तापलेल्या हवेत कोळ्याची एक पिढी साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्याइतकी सोयीची हवा त्याला दुसरी कुठली मिळणार? म्हणून अरेका न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा आणि तीन-चार दिवसांच्या अंतराने असे किमान तीन आठवडे करत राहा. शेतात कोळ्यासाठी गंधक फवारतात, पण पारा ४० अंशांच्या वर असताना त्याने पाने करपतात, त्यामुळे ते सध्या नकोच.

प्रतिसाद २

जास्वंदीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या गच्चीवरच्या दोन जास्वंदी मी याच किडीपायी गमावल्या आहेत. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे आवरण असते, त्यामुळे फवारलेले पाणी नुसते ओघळून जाते, आणि कापसाच्या पुंजक्यात शेकडो अंडी सुरक्षित राहतात. फवारणीआधी जास्त बाधित शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेले ढेकूण कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसून काढा. पानाच्या देठाची बगल आणि फांदीचा बेचका विशेष पाहावा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण नीट घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर लावून दोन दिवस पाहा. दुपारच्या उन्हात तेल फवारले तर पाने भाजतात. दर सात-आठ दिवसांनी तीन वेळा तरी हे करावे लागेल, कारण अंडी मागाहून फुटत राहतात.

मुंग्यांकडे लक्ष आहे का? ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. मनीप्लांटवरची काजळी म्हणजे त्याच चिकट्यावर वाढलेली बुरशी. आपल्या संत्र्याच्या बागांत काळ्या माशीमुळे पडणारी कोळशी याच जातीची. पाने ओल्या फडक्याने पुसली की ती निघते, पण मुंग्यांची वाट बंद केल्याशिवाय ढेकूण हटत नाही. कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, आणि फांद्या भिंतीला टेकणार नाहीत असे पाहा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, फक्त एक सावधगिरी सुचवते. ढेकणांमध्ये एखादी पांढरी, झुलपे असलेली, ढेकणापेक्षा मोठी आणि भराभर चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी असू शकते. पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे, आणि हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात मुद्दाम आणला गेला. कृषी केंद्रात मिळणारी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही उपयुक्त बुरशीही ढेकणावर चालते, पण तिला दमट हवा लागते; ती पावसाळा लागल्यावरच वापरा. पिकांसाठीची आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) कीटकनाशके बैठकीतल्या झाडांवर कृपया वापरू नयेत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कागदाची परीक्षा केली. ठिपके चालले आणि रेघ तांबूसच उमटली. अरेका आज धुतला. जास्वंदीच्या कुंडीवर मुंग्यांची रांग गॅलरीच्या कठड्यावरून येत होती आणि एक फांदी त्याला टेकलेली होती, ती कापली आहे. सासूबाई स्वतः चष्मा लावून स्पिरिटचा बोळा घेऊन बसल्या आहेत. तिसऱ्या फवारणीनंतर काय झाले ते येथेच लिहीन.