फ्लू, स्मृती टी-पेशी आणि आयएल-२: नक्की चांगलं की वाईट?

मृण्मयी_एमएस्सी
परवा सेमिनार आहे, फ्लू लक्षात ठेवणाऱ्या स्मृती टी-पेशींवर (या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). एका पेपरात म्हणतात आयएल-२ या सायटोकाइनशिवाय (पेशींना निरोप देणारं प्रथिन) स्मृती पेशी अर्धवट राहतात, दुसऱ्यात म्हणतात जास्त झालं तर पेशी लढून संपतात. मग खरं काय? सर हेच विचारणार, आणि 'दोन्ही' हे उत्तर त्यांना चालत नाही.

उंदीरवाली
सरांनाच विचार, "कितव्या दिवशी?" सायटोकाइनचं नुसतं नाव घेऊन भागत नाही, तिथी लागते. सीडी८ पेशींवर (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) सुरुवातीलाच आयएल-२चा भडिमार झाला की त्या मारेकरी होतात आणि बहुतेक काही आठवड्यांत मरतात. सीडी४चं (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी-पेशी) तंत्र वेगळं. उंदरात संसर्गाच्या साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी त्यांना प्रतिजन (विषाणूचा त्या ओळखतात तो तुकडा) पुन्हा भेटावं लागतं. तेव्हा त्या स्वतःच आयएल-२ सोडतात, त्याने आयएल-७ या दुसऱ्या सायटोकाइनचा रिसेप्टर (निरोप पकडणारं प्रथिन) अंगावर चढतो, आणि पुढे आयएल-७वर त्यांची गुजराण चालते.

मृण्मयी_एमएस्सी
ताई, आणि फुप्फुसातल्या मुक्कामी पेशी, म्हणजे रक्तात न फिरता तिथेच राहणाऱ्या?

उंदीरवाली
तिथे टीजीएफ-बीटा, हेही सायटोकाइनच. त्याने पेशीच्या अंगावर सीडी१०३ हे प्रथिन येतं, आणि ते श्वासमार्गाच्या अस्तरातल्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून बसतं. तरी उंदराच्या फुप्फुसात ही फौज काही महिन्यांत विरळ होते, त्वचेतल्यासारखी टिकत नाही.

एक सांगते, मी यात तोंडघशी पडलेय. उंदीर मारण्याआधी ३ मिनिटं शेपटीच्या शिरेतून रंगीत सीडी४५ अँटिबॉडी (सगळ्या पांढऱ्या पेशींना चिकटणारी) द्यायची असते. रंगली ती रक्तातली, कोरी राहिली ती ऊतीतली. पहिल्या खेपेला मी ते विसरले. फुप्फुस खारट पाण्याने पांढरं होईस्तोवर धुतलं होतं, म्हणून सगळ्या पेशी 'मुक्कामी' धरल्या. महिन्याने पुन्हा केलं तर निम्म्याहून जास्त केशवाहिन्यांतल्याच निघाल्या!

चिंतोपंत
मी आपला बँकवाला. एवढी स्मृती आहे तर दरवर्षी फ्लू का होतो हो?

उंदीरवाली
काका, या पेशी संसर्ग अडवत नाहीत, आजार सौम्य करतात. विषाणू वरचं कवच बदलतो, आतली एनपी, एम१ ही प्रथिनं फारशी नाही, आणि या पेशी तीच ओळखतात. २००९च्या साथीत लंडनमध्ये ज्यांच्याकडे अशा सीडी८ पेशी आधीपासून जास्त होत्या, त्यांना लक्षणं कमी झाली. दंडात टोचायची लस मुख्यतः अँटिबॉडीसाठी. ती घेत राहा.

मृण्मयी_एमएस्सी
आत्ता बघितलं, माझ्या सातव्या स्लाइडवरच्या आलेखात तो शिरेतला रंग दिलेलाच नाहीये. काढून टाकते ती स्लाइड.