एल कास्तियोपाशी सीमारेषा नदी सोडून का वळते?

नकाशावेडी:
गेला आठवडाभर मध्य अमेरिकेचे नकाशे उघडून बसले आहे. निकाराग्वा आणि कोस्टा रिकाची सीमा कॅरिबियन समुद्रापासून सान हुआन नदीच्या उजव्या काठाने वर वर येते. इथपर्यंत समजलं. पण एल कास्तियो नावाचा एक ठिपका जवळ आला की रेषा नदी सोडते, आत शिरते आणि त्या ठिपक्याभोवती कर्कटकाने काढावी तशी गोल फिरते. पुढे निकाराग्वा सरोवरापर्यंत ती नदीला समांतरच जाते, पण काठापासून थोडं अंतर राखून. एवढ्याशा गावासाठी हा वळसा कशाला? मध्ये डोंगर आहे की काय? तिथे कुणी जाऊन आलं असेल तर गावाबद्दलही सांगा.

तहनामा:
डोंगर नाही, किल्ला आहे. आणि तुम्हाला कर्कटक आठवलं ते अगदी बरोबर आहे. 15 एप्रिल 1858 च्या कान्यास-हेरेस तहात तसंच लिहिलंय. सीमा उजव्या काठाने यायची आणि किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीपासून तीन इंग्रजी मैलांवर थांबायची. तिथून किल्ला हा मध्य धरून तीन मैलांच्या अंतराने कमान काढायची. पुढे सरोवरापर्यंत नदीच्या काठापासून दोन मैल अंतर राखायचं. किल्ला आणि गाव उजव्या काठावर, म्हणजे कोस्टा रिकाच्या बाजूला आहेत. काठच सीमा धरला असता तर निकाराग्वाचा किल्ला परक्या जमिनीत गेला असता. नदीचं पाणी मात्र पूर्ण निकाराग्वाचं. कोस्टा रिकाला खालच्या भागात व्यापारासाठी बोटी चालवायचा हक्क तेवढा आहे.

प्रवाहपतित:
मी तिथे तीन रात्री राहिलोय. ते गाव अजून मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सान कार्लोसला सरोवर संपतं आणि नदी सुरू होते. तिथून लांबट लाँचने निघालो. सावकाश जाणारी होती, तीनेक तास लागले. वाटेत काठाला कुणी हात केला की लाँच तिकडे वळायची. तांदळाचं पोतं, कोंबड्या, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं असं सगळं चढत-उतरत होतं. पाणी इतकं संथ की नदी वाहतेय हेच विसरायला होतं. मग एका वळणावर टेकडीच्या माथ्यावर काळसर दगडी किल्ला दिसला, त्याच्या पायाशी पत्र्याच्या छपरांची घरं, आणि घरांसमोर नदी एकदम पांढरी झालेली. तो धावरा, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारा जोराचा प्रवाह, राउदाल देल दियाब्लो. सैतानाचा धावरा.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे गाव किल्ल्यामुळे नाही, त्या धावऱ्यामुळे वसलं. समुद्राकडून वर येणाऱ्या प्रत्येक बोटीला तेव्हा इथे थांबावं लागायचं, माणसांना उतरावं लागायचं, बोट ओढावी लागायची. अडलेली बोट म्हणजे तोफेला आयतं लक्ष्य.

स्पॅनिश लोकांनी हे धडा मिळाल्यावर ओळखलं. 1524 मध्ये सरोवराकाठी ग्रानादा वसलं. वसवणारा फ्रान्सिस्को एर्नांदेस दे कोर्दोबा, ज्याच्या नावाने आज निकाराग्वाचं चलन आहे. समुद्रापासून इतकं आत म्हणून शहर निर्धास्त होतं. 1665 मध्ये समुद्री लुटारू हेन्री मॉर्गन याच नदीने होड्या वल्हवत आला आणि ग्रानादा लुटून गेला. 1670 मध्ये पुन्हा लूट झाली. मग 1673 ला किल्ल्याचं काम सुरू झालं आणि 1675 ला तो उभा राहिला.

1762 ची गोष्ट तिथलं शाळकरी पोरही सांगतं. इंग्रज आणि किनाऱ्यावरचे मिस्कितो आदिवासी चालून आले, आणि किल्लेदार नेमका काही दिवसांपूर्वीच वारलेला. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी राफाएला हेरेरा तोफेशी उभी राहिली. मद्यात भिजवलेल्या चादरी फांद्यांवर पेटवून तिने रात्री प्रवाहात सोडल्या, अशी आख्यायिका आहे. मी बुरुजावर उभा राहून खाली पाहिलं तेव्हा ती पटली. शत्रू खालच्या अंगाला, प्रवाह सरळ त्याच्याकडे. दुसऱ्या कशाची गरजच नाही. शत्रू परत गेला. तिला राजाकडून निवृत्तिवेतन मिळालं, पण ते 1781 मध्ये, तब्बल एकोणीस वर्षांनी. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

1780 मध्ये इंग्रज पुन्हा आले. त्यांच्यात एकवीस वर्षांचा होरेशियो नेल्सन होता, पुढे इंग्लंडचा प्रख्यात नौसेनापती झाला तोच. किल्ल्यातलं पाणी संपत आलं तेव्हा 29 एप्रिलला किल्ला शरण आला, पण तोवर नेल्सन स्वतः आजारी पडून परत निघाला होता. पाऊस लागला आणि तापाने माणसं पटापट मेली. जिंकलेला किल्ला काही महिन्यांत सोडून द्यावा लागला.

गावात मोटार नाही. नदीला धरून एकच फरसबंद पायवाट आहे, गॅसची टाकी असो की सिमेंट, सगळं हातगाडीवरून जातं. घरांची मागची बाजू खांबांवर, पाण्यावर आलेली. मी ज्या बाईंकडे उतरलो होतो त्या नदीतली कोळंबी लसणात परतून द्यायच्या. एकेकीची नांगी माझ्या करंगळीपेक्षा लांब होती. पहिल्या रात्री धावऱ्याच्या आवाजाने झोप लागेना. तिसऱ्या रात्री ऐकूच आला नाही.

नकाशावेडी:
किती छान लिहिलंत! धावऱ्यामुळे किल्ला आणि गाव, किल्ल्यामुळे वळसा. आता तो नकाशा बोलायला लागला. एक विचारू? एवढा मोक्याचा मार्ग होता तर गाव एवढंसंच का राहिलं?

तहनामा:
गर्दी काही वर्षं झाली होती. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर कॉर्नेलियस व्हँडरबिल्टच्या कंपनीने 1851 पासून न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्कोला जाणारी माणसं याच नदीने नेली. आगबोट धावऱ्याशी थांबायची, लोक उतरून काठाने चालत जायचे आणि वरच्या बाजूला दुसऱ्या आगबोटीत बसायचे. पण 1855 ला पनामात रेल्वे आली आणि 1869 ला अमेरिका आरपार रेल्वेने जोडली गेली. मग दोन महासागर जोडणारा कालवा इथून जाईल अशी आशा होती. 1902 मध्ये अमेरिकी सिनेटच्या मतदानाआधी कालवा पनामातून जावा म्हणणाऱ्या फिलिप ब्युनो-व्हारियाने प्रत्येक सिनेटरला निकाराग्वाचं एक टपाल तिकीट पाठवलं. त्यावर मोमोतोंबो ज्वालामुखी धूर ओकत होता, म्हणजे इथे कालवा धोक्याचा, असा इशारा. कालवा पनामाला गेला.

प्रवाहपतित:
त्यात एक भर. गाव थांबलं तरी धावऱ्यातली ये-जा थांबली नाही. समुद्रातले बुल शार्क हाच धावरा चढून सरोवरात जायचे. बरीच वर्षं लोक त्यांना सरोवरातली वेगळी जात समजत होते. 1960 च्या दशकात संशोधकांनी माशांना खुणेचे बिल्ले लावले, आणि सरोवरातले मासे समुद्रात आणि समुद्रातले सरोवरात सापडले. पुढे बेसुमार मासेमारीने ते फार कमी झाले. मला एकही दिसला नाही. धावऱ्यात चांदीसारखा सावालो मासा (टार्पन) उडी मारताना मात्र रोज पहाटे दिसायचा, आणि काठावर गळ टाकून बसलेला म्हातारा दर वेळी मान वर करून बघायचा.

नकाशावेडी:
आता फक्त एवढं सांगा, सान कार्लोसहून लाँच सकाळी किती वाजता सुटते?